आधी कुठं ते सांगा

निकाळजे मॅडमला एकदा, फक्त एकदा, कागदावर खोटं लिहिताना पाहायचं, अशी माझी इच्छा होती. देवाकडं मी फार काही मागितलेलं नाही. कन्नड रोडवर जीपच्या मागच्या फळीला लटकणारा क्लीनर म्हणून सुरुवात केली, आज स्वतःच्या सात गाड्या आहेत. त्यातलं काही मागून मिळालेलं नाही. ही एक गोष्ट तेवढी मागितली होती.

ती आमच्या भागातल्या वॉर्ड ऑफिसात मृत्यूच्या खिडकीवर बसायची. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचो, मनात कधी केलं नाही, म्हणून इथंही करत नाही. शेजारची खिडकी जन्माची. तिथं पेढ्यांचे बॉक्स यायचे. एखादा पेढा फिरत फिरत हिच्या टेबलावर आला की ती तो कागदाखाली झाकायची. "माझ्या रांगेसमोर नको," म्हणायची.

ठेंगणी, सावळी, पन्नाशी ओलांडलेली. सुती साडी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आणि हातात फूटभर लांबीची स्टीलची पट्टी. पट्टीशिवाय ती कागद वाचतच नसे. ओळीखाली पट्टी धरायची, ओळ वाचून झाली की पट्टी खाली. घाई करणाऱ्याकडं बघायचीसुद्धा नाही. जुनी गाडी घेताना मी बॉनेट उघडून इंजिनाला कान लावतो, विकणारा काय बडबडतोय इकडं लक्ष देत नाही. तसं ती कागदाला कान लावायची.

शहराचं नाव बदललं तेव्हा जुन्या छापील अर्जांचा मोठा गठ्ठा शिल्लक होता. हिनं प्रत्येक अर्जावरचं जुनं नाव पट्टी लावून खोडलं, वर नवं लिहिलं, बाजूला सही केली. कोणीतरी म्हणालं, मॅडम, एक रबरी शिक्का करून घ्या, दोन तासांत मोकळ्या व्हाल. ती म्हणाली, "शिक्का चुकला तर गठ्ठा चुकतो. हात चुकला तर एकच चुकतो."

तिच्या खिडकीवर जाऊन कोणी 'वडील वारले' म्हणालं की ती कोण वारलं, कधी वारलं, कशानं वारलं हे काही विचारायची नाही. पहिला प्रश्न ठरलेला. "कुठं? आधी कुठं ते सांगा. बाकीचं नंतर."

लोक भांबावायचे. रडत आलेल्या माणसाच्या तोंडात नाव तयार असतं, वय तयार असतं, आजार तयार असतो. 'कुठं' याचा त्यानं विचारच केलेला नसतो. पण मृत्यूच्या नोंदीचा सगळा कायदा त्या एका शब्दावर उभा आहे. माणूस कुठं राहत होता, कुठं जाळला, कुठं पुरला याला किंमत नाही. जीव जिथं गेला त्या हद्दीत नोंद. दवाखान्यात गेला तर दवाखाना कळवतो. घरी गेला तर घरच्यांनी एकवीस दिवसांत कळवायचं, सोबत डॉक्टरचा दाखला आणि स्मशानाची नाहीतर कब्रस्तानाची पावती. हे सगळं मला आज पाठ आहे. ते कसं पाठ झालं, तेच सांगायला बसलो आहे.

ड्रायव्हरांच्या, ओळखीपाळखीच्यांच्या नोंदींसाठी माझं तिथं जाणं-येणं असायचं. एकदा रांगेत माझ्यापुढं एक म्हातारे चाचा होते. बायको गेली होती. हातात कब्रस्तान कमिटीची पावती. मॅडमनं विचारलं, "कुठं?" चाचांनी वर बोट केलं. म्हणाले, "जन्नत में, बेटी."

ही पट्टीवरून नजर न काढता म्हणाली, "वहाँका रजिस्टर अलग है चाचा. मेरेकू उसके पहलेका पता होना."

चाचा आधी बघतच राहिले. मग हसले, हसता हसता रडले, आणि घराचा नंबर, गल्ली, मागची मशीद, समोरची पिठाची गिरणी, सगळं सांगितलं. तिनं त्यातलं हवं तेवढं घेतलं, पण ऐकून सगळं घेतलं.

तिच्या कागदावर कोणी स्वर्गवासी नव्हतं, कैलासवासी नव्हतं, मरहूम नव्हतं. सगळे मयत. एका पुढाऱ्याच्या माणसानं एकदा वाद घातला, "आमच्या साहेबांच्या आईसाहेबांच्या नावामागं 'कै.' लावा." ती म्हणाली, "कैलासाला पोचल्याची पावती आणा, लावते." त्या माणसाचा चेहरा आठवून मी आठ दिवस हसत होतो. तेव्हा माझी पाळी यायची होती.

आणखी एक सांगतो. सांगायची इच्छा नाही, पण तिच्याबद्दल लिहिताना गाळलं तर तीच पट्टी घेऊन स्वप्नात येईल. एकदा रांगेत एक तरुण बाई उभी होती, हातात लहान लेकराच्या लसीकरणाचं कार्ड. ही खिडकी बंद करून बाहेर आली. बाईला बाकावर बसवलं, शेजारी बसली, स्वतःच्या मांडीवर पॅड ठेवून अर्ज भरला. 'कुठं' तेव्हाही विचारलं, पण तिच्या कानाजवळ तोंड नेऊन. आम्ही पंधरावीस माणसं बंद खिडकीसमोर उभे होतो. कोणी एक शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही, आणि मी रांगेत गप्प उभा राहणारा माणूस नाही.

आता माझं.

गारखेड्यात मी बंगला बांधला. वास्तुशांत होऊन दोन महिने झाले असतील, आमचे आबा अंथरुणाला खिळले. डॉक्टरनं सांगितलं, घरी न्या, आता दिवसच मोजायचे. आणले. ऑक्सिजनचं सिलेंडर आणलं, खाट लावली. धाकटी बहीण सुमन सासरहून येऊन उशाशी बसली. तेवढ्यात वास्तुशांतीच्या गुरुजींनी पंचांग उघडलं आणि सांगितलं की उद्यापासून पंचक लागतंय. या पाच दिवसांत घरात मृत्यू झाला तर मोठा दोष, घर सहा महिने बंद ठेवावं लागेल.

आठ दिवसांपूर्वी आबा एकदा झोपेत 'गाव' असं पुटपुटले होते. मी ते धरून ठेवलं होतं. सौद्यात समोरच्याच्या तोंडून निसटलेला एक शब्द पुरतो. मी सगळ्यांना सांगितलं, आबांची इच्छा आहे, गावाकडं न्यायचं. आमचं गाव कन्नडच्या पलीकडं. सकाळी सिलेंडरसकट त्यांना माझ्याच जीपमध्ये घातलं. मी स्टेअरिंगवर, सुमन मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. आबा रस्त्यातच गेले. गावात अंत्यविधी केला.

दिवस उलटले तसं भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. मरणाऱ्या बापाला बंगल्याबाहेर काढलं म्हणे. मी विचार केला, कागदावर 'राहते घर, गारखेडा' आलं की सगळ्यांची तोंडं बंद. पंचकही टळलं आणि कागदावर घरही राहिलं. दोन शेजाऱ्यांच्या साक्षीच्या सह्या घेतल्या आणि अठराव्या दिवशी खिडकीवर उभा राहिलो.

"कुठं? आधी कुठं ते सांगा."

"घरी. गारखेड्याला."

पट्टी सरकू लागली. गावच्या स्मशानाच्या पावतीवर येऊन थांबली.

"अंत्यविधी गावाकडं?"

"व्हय मॅडम. गावची माती."

"नेलं कशात?"

"घरचीच जीप. मीच चालवली. बहीण होती मागं."

तिनं पट्टी बाजूला ठेवली. ती पट्टी बाजूला ठेवते तेव्हा सावध व्हायचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आवाज एकदम मऊ. "लांबचा रस्ता. मधी घाट. लई त्रास झाला का हो त्यांना?"

अठरा दिवसांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. म्हणालो, "नाय मॅडम, त्रास कसला. सिलेंडर होतं ना सोबत. सुमन नळी धरून बसली होती."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मयताला सिलेंडर कामून लागलं, भाऊ?"

वीस वर्षं गाड्यांचे सौदे करतोय. समोरचा किती वेळा घाम पुसतो यावरून मी त्याची गरज ओळखतो. आणि या बाईनं मला दोन वाक्यांत उघडा केला. मागं रांगेत कोणीतरी खाकरलं. मी टेबलावर हात आपटला.

"हात खाली घ्या. शाई सांडंल," ती म्हणाली. मग माझा अर्ज उचलला, त्याचे चार तुकडे केले, साक्षीदारांच्या सह्यांसकट, आणि पायाजवळच्या पिशवीत टाकले. "खोटी माहिती सहीनिशी दिली तर गुन्हा असतो. हा कागद मी पाहिला नाही. नवीन अर्ज घ्या. किती वाजता गेले?"

"साडेदहा."

"गाडी पहिली थांबली कुठं?"

मी गावाचं नाव सांगितलं. कन्नडच्या अलीकडचं. रस्त्याकडेला चहाची टपरी.

"किती वाजता थांबली?"

"सव्वाअकरा."

पेन क्षणभर थांबलं. मग समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं: चालत्या वाहनात माणूस गेला तर गाडी पहिली जिथं थांबते तिथं नोंद. आणि ज्याच्या ताब्यात गाडी, माहिती त्यानं द्यायची. "म्हणजे तुम्ही. माझ्याकडं ही नोंद होत नाही. हा अर्ज घेऊन तिथल्या ग्रामपंचायतीत जा. तीन दिवस हातात आहेत."

मी आवाज खाली आणला. म्हणालो, "मॅडम, मधलं काढू. गारखेडा सोडा, टपरीही सोडा. माझं गाव लिहा. दोघांचंही राहील."

"मधलं काढायला ही काय जुनी जीप आहे?" ती म्हणाली. "माणूस एकाच ठिकाणी मरतो, भाऊ. दोन्ही पार्ट्यांना पटंल तिथं नाही मरत."

रांग हसली. बापाच्या मरणाच्या कागदावर माझं हसू झालं. त्या दिवशी ठरवलं, हिला सोडायचं नाही.

त्या ग्रामपंचायतीतून दाखला आला. मृत्यूचं ठिकाण: चालत्या वाहनात, पहिला थांबा अमुक गाव. माहिती देणार: मी, वाहनचालक. वारसनोंदीसाठी तो कागद तलाठ्याकडं गेला आणि तिथून भाऊबंदांच्या हाताहातांतून फिरला. बाप जीपमध्ये मेला, हे आता कुजबुजायची गरज उरली नाही, सरकारी शिक्क्यानिशी छापलेलंच होतं. त्या वर्षी सुमन राखीला आली नाही. दिवाळीलाही नाही. मी म्हणालो, हे सगळं त्या खिडकीतल्या बाईनं केलं.

मी तक्रार अर्ज लिहिला. उद्धट वागणूक, नागरिकांना हेलपाटे, शोकाकुल कुटुंबांचा अपमान. अकरा सह्या गोळा केल्या. पुढाऱ्याच्या त्या 'कै.'वाल्या माणसाला शोधून काढलं, त्याची पहिली. चौकशीला साहेबानं दोघांना समोर बसवलं. मला एकच धाकधूक होती, फाडलेल्या अर्जाची. तिनं तो विषय काढला असता तर माझी आणि दोन्ही शेजाऱ्यांची पंचाईत होती. साहेबानं विचारलं, "यांचं काय प्रकरण आहे?"

ती म्हणाली, "त्यांची नोंद माझ्या हद्दीतली नव्हती. पाठवून दिलं. माझा आवाज चढला असंल, साहेब."

एवढंच. एक वाक्य जास्त नाही. उपकार करून गेली, आणि उपकार म्हणजे माझ्या धंद्यात सगळ्यात वाईट. त्याचा भाव ठरत नाही.

तिची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. मी त्या दिवशी पेढे घेऊन गेलो आणि मृत्यूच्या खिडकीसमोरच्या रांगेला वाटले. खिडकीवर नवा माणूस आला. गोड. सांगाल ते लिहायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

महिनाभरानं एका जुन्या नकलेचं निमित्त काढून मी तळघरात उतरलो. तिचं पडलेलं तोंड पाहायचं होतं. तर ही निजामाच्या काळातली रजिस्टरं उघडून बसलेली. कोणा मौलवींकडून उर्दू अक्षरं शिकत होती म्हणे. मला पाहून चिडली नाही, चकित झाली नाही. पट्टी एका ओळीखाली धरून म्हणाली, "या भाऊ. हे बघा. नाव नंतर आहे. पहिल्या रकान्यात मुक्काम. तेव्हाही आधी कुठं तेच विचारायचे." आणि अशी खूश दिसत होती की मी नक्कल न घेताच वर आलो. शिक्षा म्हणून पाठवली, ती माहेरी गेल्यासारखी रमली.

तीन वर्षं गेली. मग एका सकाळी फोन वाजला.

"निकाळजे बोलते. गाडी पाहिजे. सिल्लोडकडं जायचंय. पेशंट आहे."

मी विचारलं, "माझा नंबर कुठून मिळाला?"

"तक्रार अर्जावर होता. पाठ झाला."

तिचा नवरा निवृत्त शिक्षक होता. तीही त्याला गुरुजीच म्हणायची. दवाखान्यानं हात टेकले होते आणि गुरुजींना त्यांच्या गावी, सिल्लोडच्या अलीकडं, स्वतःच्या घरात जायचं होतं. मुलगा तयारीसाठी पुढं गेला होता. माझे चार ड्रायव्हर मोकळे होते. मी चौघांनाही सांगितलं, ही फेरी माझी. काय मनात होतं ते लपवत नाही. दवाखान्यातून उचललेला माणूस कसा दिसतो ते मला ओळखता येतं. गुरुजी पोचणार नव्हते. तेव्हा ही बाई काय लिहिते, ते मला आरशात बघायचं होतं.

गुरुजी म्हणजे नुसती हाडं उरली होती. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी शहराबाहेर पडली तशी ती रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागली. मोठ्यानं, एकेक. "हे बघा, फुलंब्री आलं. तुमची पहिली शाळा इथलीच ना." गुरुजींच्या ओठांना हालचाल व्हायची. पुढची पाटी आली, ती वाचली. त्या गावातल्या कोणत्या पोरानं गुरुजींच्या सायकलची हवा सोडली होती, ते सांगितलं. त्याच्या पुढची वाचली. मग एक पाटी आली आणि ती काही बोलली नाही.

मी आरशात पाहिलं. तिची बोटं गुरुजींच्या नाकाशी होती.

वेग कमी न करता मी म्हणालो, "मॅडम, तुमचं गाव वीस मिनिटांवर आहे."

तिनं पदरानं गुरुजींचा चेहरा पुसला. मीच पुढं बोललो.

"कोणी पाहिलेलं नाही. घरी गेले असं लिहा. अंथरुणावर, लेकासमोर. मी कोणापाशी बोलणार नाही. आबांची शपथ."

ही शपथ मी खरी घेतली होती. मला बोलायचं नव्हतंच. मला फक्त ते माहीत असायला हवं होतं, जन्मभर. एक किलोमीटर गेला. कडेला मक्याची कणसं वाळत घातलेली होती, ती सरली. मी मनात म्हणत होतो, लिही. लिही एकदा.

"त्यांची लई इच्छा होती," ती म्हणाली. आवाज खिडकीवरचा नव्हता. "उंबऱ्यापर्यंत तरी."

"मग न्या ना उंबऱ्यापर्यंत. मी नाही कुठं म्हणतो?"

आणखी थोडं अंतर गेलं. मला वाटलं, झालं. तुटली.

"थांबवा, भाऊ."

माझा पाय ब्रेकवर गेला. विचार करायच्या आत गेला.

आबा गेले तेव्हा सुमनही हेच म्हणाली होती. दादा, थांबव. थांबव रे, आबा गेले. मी थांबवली नाही. घर गाठायचं होतं. गावात, घरासमोर गाडी उभी राहीपर्यंत आबा जिवंत असायला हवे होते. मी तिला म्हणालो, पोचेपर्यंत कोणी रडायचं नाही. पाऊण तास ती माझ्या सीटच्या पाठीवर मुठी मारत होती आणि मी पाट्या मागं टाकत होतो. शेवटी तिनं चालत्या जीपचं मागचं दार उघडलं, तेव्हा थांबलो. समोर टपरी होती.

निकाळजे मॅडम खाली उतरली. रस्त्याकडेला एक बाई मका गोळा करत होती. तिला विचारलं, "ताई, हे गाव कुठलं?" तिनं सांगितलं. हिनं पर्समधून पेन काढलं, मनगटावरचं घड्याळ बघून तळहातावर गावाचं नाव आणि वेळ लिहिली. मग जीपच्या पायरीवर बसली आणि मोकळा गळा काढून रडली. मकावाली बाई तांब्या घेऊन धावत आली, तिच्या शेजारी बसली, काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ट्रक जात होते. मी बॉनेटला टेकून उभा होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही, घड्याळ मी पाहिलं नाही.

मग तिनं तोंड धुतलं. म्हणाली, "चला. माहिती देणारे तुम्ही. सही लागंल तुमची."

चौथ्या दिवशी आम्ही दोघं त्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या ग्रामसेवकाबद्दल बोलायचं आहे. आता ती खिडकीच्या बाहेरच्या बाजूला होती. पांढरी साडी, हातात कागदांची पिशवी. मला हे दृश्य हवं होतं. मी जरा बाजूला उभा राहिलो, नीट दिसावं म्हणून.

ग्रामसेवकानं अर्ज उलटासुलटा केला. "बाई, राहणं शहरात, अंत्यविधी तुमच्या गावात. आमच्या गावाचा काय संबंध? गाडी दोन मिनिटं थांबली म्हणून मयत आमच्या गावावर लावता का?"

"पहिला थांबा हा आहे," ती म्हणाली.

"अहो, तुमच्या गावात लावा ना. तिथला माणूस ओळखीचा असंल. कशाला खोलात शिरता? उद्या या, परवा या, बघू."

तिच्या पिशवीत नियमाचं पुस्तक होतं, खुणेची चिठ्ठी लावलेलं. पट्टीही होती, टोक बाहेर दिसत होतं. तिनं काहीच काढलं नाही. नुसती उभी राहिली. तिच्या रांगेत लोक उभे राहायचे तशी.

मी तिची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये. त्या अर्जावर माझी सही होती, आणि माझी सही कोणी परत पाठवलेली मला चालत नाही.

"ओ भाऊसाहेब!" मी असा ओरडलो की बाहेर झोपलेलं कुत्रं उठलं. "राहत कुठं होते ते नंतर! जाळलं कुठं ते नंतर! आधी कुठं गेले ते बघा! गाडी माझी, चालवणारा मी, थांबवली मी. लिहिता का वर जाऊ? तक्रार अर्ज मला लई चांगले जमतात. विचारा मॅडमला."

ग्रामसेवकानं तिच्याकडं पाहिलं.

"जमतात," ती म्हणाली.

त्यानं रजिस्टर ओढलं.

दाखला हातात आला तेव्हा तिनं पट्टी काढली. बाहेरच्या ओट्यावर बसून ओळीखाली पट्टी धरून सगळा वाचला. गुरुजींच्या नावावर थांबली नाही. ठिकाणाच्या ओळीवर थांबली. मग घडी घातली. मी म्हणालो, चला, शहरापर्यंत सोडतो. ती म्हणाली, नको, एसटीनं जाते.

फाट्यावर एसटी आली. ती चढली, खिडकीशी बसली. पुन्हा तेच: ती खिडकीच्या आत, मी बाहेर. तिनं काच सरकवली.

"भाऊ, तुमच्या वडलांच्या कागदावर साडेदहा आणि सव्वाअकरा आहे."

मी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

"थांबलात कुठं ते कागदावर आहे. ते मी तेव्हाच घेतलं." कंडक्टरनं घंटी मारली. इंजिन घुरघुरलं. तिनं गज धरून मान बाहेर काढली. "गेले कुठं?"

हे ठिकाण मी आजवर कोणापुढं उच्चारलं नव्हतं. सुमनपुढंही नाही, आणि ती तर तिथंच होती. एसटी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो, मग ओरडलो, फाट्यावरच्या सगळ्यांनी वळून बघितलं इतक्या मोठ्यानं ओरडलो, "खुलताबाद सोडलं अन् वेरूळच्या उतारावर! दुसऱ्या वळणाला!"

तिनं मान हलवली. नोंद घेतल्यासारखी. काच सरकवली आणि एसटी गेली. पुढं ती निवृत्त झाली, लेकाकडं गेली असं ऐकलं. मी तिला पाहिलं ते तेवढंच.

तिला खोटं लिहिताना पाहायचं राहून गेलं, ते गेलंच. उलट तिनंच माझ्याकडून दुसऱ्यांदा खरं काढून घेतलं, तेही भर रस्त्यात, फुकट. आता माझ्या गाडीत आजारी माणूस असला की मीच पाट्या मोठ्यानं वाचत जातो आणि मागून कोणी 'थांबवा' म्हणालं की पाय आपोआप ब्रेकवर जातो. वेरूळच्या उतारावर, दुसऱ्या वळणाला, तर कोणी काही न म्हणताही जातो. पोरं विचारतात, शेठ, इथं कामून थांबलात?

त्यांना काय सांगू. या सवयीबद्दल मी त्या बाईला माफ करणार नाही.